सासूबाईंचे पणजोबा नेमके कोणते?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: त्या मूळच्या महाराष्ट्रातल्या, लग्नानंतर ओहायोत स्थायिक झालेल्या. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या माहेरच्या घराण्याचा इतिहास छापून भेट द्यायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. हातात पाच महिने आहेत. घराण्याचे मूळपुरुष म्हणजे सासूबाईंचे पणजोबा. त्यांना इथे जॉन मिलर म्हणू. ते १९०४ मध्ये ओहायोच्या एका ग्रामीण काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) वारले. यादवी युद्धात ते उत्तरेकडून लढले असं घरात सांगतात आणि त्यांच्या थडग्यापाशी ब्राँझचा तारा रोवलेला आहे. इंटरनेटवरच्या २७ वंशवृक्षांत जॉन १८३४ मध्ये व्हर्जिनियात जन्मल्याचं आणि त्यांचे आजोबा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढल्याचं लिहिलं आहे. सासूबाईंना त्याचा मोठा अभिमान. पण १८८० आणि १९०० च्या जनगणनेत जॉन यांचा जन्म बाडेनचा, जर्मनीतला, असा निघाला, ते १८५३ मध्ये अमेरिकेत आल्याचीही नोंद मिळाली, आणि १८६० मध्ये त्याच काउंटीत दोन जॉन मिलर सापडले. त्यात मामेसासरे सांगतात की मूळ आडनाव म्युलर होतं, एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कला उतरणाऱ्या परदेशी लोकांच्या तपासणी केंद्रावर, अधिकाऱ्याने ते बदललं. भगिनी विचारतात: खरं कुणाचं मानायचं, २७ जणांचं की जनगणनेचं? डीएनए चाचणीने निकाल लागेल का? पैसे देऊन संशोधक नेमावा का? आणि शेवटी: 'मी सून, तीही बाहेरून आलेली. त्यांच्या माहेराबद्दल त्यांनाच चुकीचं ठरवणारी मी कोण?'

नमस्कार,

शेवटचा प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी तळाशी लिहिलात, पण बाकीचे तिन्ही त्याच्याच पोटातले आहेत. सासूबाईंना काय सांगायचं ते ठरवण्याआधी सांगण्यासारखं काय आहे हे पक्कं व्हायला हवं, म्हणून आधी कागदांकडे वळू.

२७ वंशवृक्ष म्हणजे २७ साक्षीदार, असं तुम्ही धरून चालला आहात. एकदा प्रत्येक वृक्ष उघडून जॉनच्या नावाखाली आधार म्हणून काय जोडलंय ते पाहा. पुष्कळ ठिकाणी दुसरा वंशवृक्षच जोडलेला दिसेल. संकेतस्थळ एखादं नाव सुचवतं, माणूस 'हो' म्हणून बटण दाबतो आणि एकाची चूक दुसऱ्याच्या घरात जाते. तारखेतली एखादी विचित्र चूक, समजा आई नऊ वर्षांची असताना मुलाचा जन्म, सगळीकडे जशीच्या तशी असेल, तर सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवून घेतलंय हे ओळखावं. म्हणून वृक्ष मोजू नका, मूळ कागद मोजा. व्हर्जिनियातल्या जन्माला मूळ कागद कोणता, एवढं शोधा. १८५० किंवा १८६० च्या जनगणनेतली एखादी ओळ निघण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती ओळ तुमच्या जॉनची आहे हे कुणी तपासलेलं नसेल.

'व्हर्जिनिया की बाडेन' हा प्रश्न तुम्ही एकाच माणसाबद्दल विचारताय, हे दुसरं गृहीतक. मिलर हे तिकडचं अतिशय सामान्य आडनाव. इंग्रजी वळणाचे मिलर आधीपासून होतेच, त्यात असंख्य जर्मन म्युलर येऊन मिलर झाले. एका काउंटीत दोन जॉन मिलर असणं यात काहीच विशेष नाही. जनगणनेत वय दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतं, स्पेलिंग दर खेपेला बदलतं, हे खरंच आहे. पण जन्मस्थान, आईवडिलांची जन्मस्थानं, बायको, मुलं आणि शेत ही पाचही एकदम बदलत नाहीत. ती पाचही बदललेली दिसली की समोर दुसरा माणूस आहे.

या दोघांना वेगळं काढायचं तर सुरुवात १८६० पासून करू नका, सासूबाईंपासून करा. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून जो तो गाळतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. सासूबाईंचा जन्मदाखला, त्यांच्या वडिलांचा जन्म-मृत्यू, मग आजोबांचा, अशी एकेक कडी जोडत मागे जा. प्रत्येक कडीला मुलाला बापाशी जोडणारा निदान एक कागद हवा. ओहायोच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. तिथे राज्यपातळीवर मृत्युदाखले डिसेंबर १९०८ पासून आहेत आणि १९५३ पर्यंतचे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. त्यात मृताच्या आईवडिलांची नावं आणि दोघांची जन्मस्थानं हे रकानेच असतात. १९०० च्या जनगणनेच्या पानावर जॉनच्या पत्नीपुढे '९' आणि '६' असे आकडे दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. याचा अर्थ तिला नऊ मुलं झाली आणि त्या वर्षी सहा हयात होती. या सहांपैकी जे १९०८ नंतर ओहायोत वारले त्या प्रत्येकाचा दाखला काढा, फक्त सासूबाईंच्या आजोबांचा नको. प्रत्येक दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव असतं: कुठे जावई, कुठे मुलगी, कुठे शेजारी. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी 'वडील: जॉन मिलर, जन्म जर्मनी' असं सांगितलं असेल, तर हे खरे स्वतंत्र साक्षीदार. जॉन स्वतः १९०४ मध्ये वारले, म्हणजे त्यांचा राज्याचा दाखला मिळणार नाही. १८६७ ते १९०८ या काळातल्या नोंदी काउंटीच्या प्रोबेट कोर्टाच्या (मृत्युपत्रं आणि वारसा पाहणाऱ्या कोर्टाच्या) वह्यांत आहेत. त्या एका ओळीच्या असतात, त्यामुळे तिथे फार अपेक्षा ठेवू नका. पत्नी १९०८ नंतर वारली असेल तर तिचा दाखला मात्र सोडू नका. तिचं माहेरचं आडनाव त्यातच मिळेल.

आता जनगणना. कोणत्या वर्षी काय विचारलं होतं हे ठाऊक नसेल तर पान वाचूनही दिशाभूल होते. १७९० ते १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यात आकडा होऊन बसलेली. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्मस्थान आहे, पण नातं नाही. म्हणजे १८५०, १८६० आणि १८७० मध्ये एका घरात दिसणारी मुलं त्याच जोडप्याची असतील असं धरू नका. ती भाची-पुतणी, अनाथ, नाहीतर पहिल्या लग्नाची असू शकतात. आईवडील परदेशात जन्मलेले असतील तर १८७० च्या पानावर त्यासाठी दोन छोटे रकाने आहेत. वंशवृक्ष बनवणारे ते बघतच नाहीत. तुमच्या दोन जॉनांपैकी एकाच्या ओळीत तिथे खुणा असतील आणि दुसऱ्याच्या ओळीत नसतील, तर निम्मं काम झालं. नातं पहिल्यांदा लिहिलं गेलं १८८० मध्ये, आणि आईवडिलांची जन्मस्थानंही त्याच वर्षी. पण १८८० मधलं 'मुलगा' हे नातं कुटुंबप्रमुखाशी आहे, त्याच्याखाली लिहिलेल्या बायकोशी नाही. १९०० मध्ये लग्नाला किती वर्षं झाली तेही विचारलंय. ती संख्या मोठ्या मुलाच्या वयापेक्षा कमी असेल, तर ही बायको दुसरी आहे असं समजून आधीचं लग्न शोधा. नाहीतर सासूबाईंची पणजी म्हणून तुम्ही भलत्याच बाईचं नाव छापाल.

१८९० ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका. वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत जानेवारी १९२१ मध्ये आग लागली, त्यात बहुतेक पानं जळाली किंवा भिजली आणि उरलेली पुढे नष्ट करण्यात आली. पण त्या वर्षी माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची वेगळी यादी केली होती. राज्यांच्या वर्णानुक्रमात केंटकीपासून पुढची पानं वाचली, ओहायो त्यात येतो. त्यात रेजिमेंट, भरती आणि सुटकेच्या तारखा, पोस्ट ऑफिस असं सगळं मिळतं.

शोधताना आडनाव टाकून हाती लागलं नाही तर आडनाव काढून टाका. फक्त 'जॉन', अंदाजे वय, जन्मस्थान आणि टाउनशिप (काउंटीचा छोटा विभाग) एवढ्यावर शोधा. सूची करणाऱ्याने म्युलर, मोलर, मिलार असं काहीही वाचलेलं असतं. तेही जमलं नाही तर पानं एकेक करून चाळा. १८७० च्या पानावर ४० ओळी असतात, म्हणजे बाराशे वस्तीची टाउनशिप तीस पानांत संपते. एका संध्याकाळचं काम, आणि त्यात शेजारीपाजारी कोण होते तेही कळतं. सूचीतला मजकूर मात्र कधीही पुरावा म्हणून घेऊ नका, मूळ पानाचं चित्र उघडून पाहाच.

मग एक मोठा तक्ता करा. डावीकडे बाडेनचा जॉन, उजवीकडे व्हर्जिनियाचा. खाली एकेक वर्ष: वय, बायको, मुलं, टाउनशिप, शेजारची दोन-तीन घरं, शेताची किंमत (१८५० ते १८७० च्या पानांवर ती असते), खरेदीखतं. काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीचे कागद नोंदवणाऱ्या कचेरीत, खरेदीखतांच्या दोन सूची असतात, एक विकणाऱ्यांच्या नावाने आणि एक घेणाऱ्यांच्या. दोन्ही बघा. जमीन विकताना तिच्यातला आपला हक्क सोडल्याचं बायकोकडूनही लिहून घेत, त्यामुळे विक्रीच्या कागदात तिचं नाव येतं. दोन जॉनांच्या दोन बायका इथे स्वच्छ वेगळ्या होतात. फॅमिलीसर्चने हाताने लिहिलेल्या खरेदीखतांच्या आणि मृत्युपत्रांच्या पूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय अलीकडे केली आहे; सूचीत नाव नसलेला साक्षीदार किंवा शेजारीही त्यात सापडतो, तेव्हा ती जरूर वापरा.

आणि ज्या जॉनशी तुमचं नातं नाही असं वाटतंय, त्यालाही मधेच सोडू नका. तो वारल्याची नोंद मिळेपर्यंत त्याच्या मागे जा. समजा त्याने १८७२ मध्ये शेत विकलं आणि १८८० मध्ये त्याच बायकोमुलांसह तो आयोवात दिसला. मग ओहायोत १९०४ मध्ये वारलेला तो नव्हे, हे कुणालाही नाकारता येणार नाही. 'आमचा जॉन बाडेनचा' एवढं सिद्ध करून भागत नाही. 'व्हर्जिनियाचा जॉन कुठे गेला' याचं उत्तर असलं की सासूबाईंना शंका घ्यायला जागा राहणार नाही.

आता थडगं. ब्राँझचा तारा बहुधा ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिकचा असावा. उत्तरेच्या माजी सैनिकांची ही संघटना १८६६ मध्ये स्थापन झाली. पण असे तारे नंतरच्या लोकांनीही रोवलेले असतात, म्हणून नुसत्या ताऱ्यावर विसंबू नका. दगडावर ढालीचा खोलगट आकार आणि त्यात नाव, कंपनी, रेजिमेंट असेल, तर तो सरकारने दिलेला दगड. खासगी दफनभूमीतल्या सैनिकांसाठी असे दगड देण्याचा कायदा १८७९ मध्ये झाला. 'ओ. व्ही. आय.' ही अक्षरं म्हणजे ओहायोची स्वयंसेवक पायदळ रेजिमेंट. तिचा क्रमांक नीट वाचा. ओहायोच्या ९, २८, ३७, १०६, १०७ आणि १०८ या रेजिमेंट जर्मनांच्या होत्या. यांपैकी एखादी निघाली तर बाडेनकडे जोरदार झुकणारा आणखी एक धागा मिळाला, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

रेजिमेंट कळली की त्याच दिवशी पेन्शनची फाइल मागवा. पाच महिन्यांत सगळ्यात आधी करायचं काम हेच, कारण फाइल यायला काही आठवड्यांपासून काही महिने लागू शकतात. पेन्शनच्या सूचीची कार्डं मोफत पाहता येतात. त्यांवर सैनिकाचं नाव, विधवेचं नाव, रेजिमेंट, अर्जाचा क्रमांक आणि मंजूर झाली असल्यास प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. जॉन मिलर नावाची कार्डं ढिगाने निघतील, म्हणून नावाने न शोधता रेजिमेंट आणि कंपनीप्रमाणे लावलेली दुसरी सूची वापरा. विधवेचं नाव जुळलं की दोन्ही क्रमांक टिपून वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे पूर्ण फाइलची मागणी करा. पहिल्या १०० पानांना ८० डॉलरच्या आसपास खर्च येतो. मागणीआधी चालू दर पाहून घ्या. निवडक कागदांचा स्वस्त संचही मिळतो. तो घेऊ नका, तुम्हाला हवे ते कागद नेमके त्यात नसतील.

या फाइलवर एवढा भर देण्याचं कारण असं. १८९० च्या कायद्यानंतर नव्वद दिवस सेवा झालेल्या आणि शारीरिक कष्ट करू न शकणाऱ्या सैनिकाला, दुखणं युद्धातलं नसलं तरी, पेन्शन मिळू लागली, त्यामुळे गावोगावच्या सामान्य शेतकऱ्यांनी अर्ज केले. १८९८ मध्ये पेन्शन खात्याने सगळ्यांना एक छापील प्रश्नपत्रिका पाठवली: विवाहित आहात का, पत्नीचं पूर्ण नाव आणि माहेरचं नाव काय, लग्न कधी, कुठे, कुणी लावलं, त्याची नोंद कुठे आहे, याआधी लग्न झालं होतं का, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा काय. खाली जॉनची स्वतःची सही असेल. त्या सहीत आडनाव तो कसं लिहितो ते पाहा. मामेसासऱ्यांचा म्युलर तिथेच भेटू शकतो. जॉनच्या मागे पत्नीने अर्ज केला असेल तर लग्नाचा पुरावा, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, कधीकधी घरच्या बायबलमधून फाडून दिलेलं पानही फाइलमध्ये असतं. एवढ्या कागदांत जन्मगावाचं नाव एकदा तरी येण्याची चांगली शक्यता आहे. सोबत सेवापत्रकही मागवा. भरतीच्या वेळचं वय, जन्मस्थान, उंची, धंदा अशा गोष्टी त्यात येतात.

मामेसासऱ्यांच्या गोष्टीबद्दल. तुमच्याच कागदानुसार जॉन १८५३ मध्ये आले असतील, तर एलिस आयलंडवर त्यांचं नाव बदलणं शक्य नाही. ते केंद्र १ जानेवारी १८९२ ला उघडलं. त्याआधीचं न्यूयॉर्कचं केंद्र, कासल गार्डन, तेसुद्धा १८५५ चं. शिवाय एलिस आयलंडवर अधिकारी नावं लिहून घेत नसत. जहाज निघालं त्या बंदरावर बनलेली यादी पुढे ठेवून ते प्रवाशांची तपासणी करत. पण मामेसासऱ्यांना खोटं पाडू नका. गोष्टीचं ठिकाण चुकलंय, गाभा बरोबर असू शकतो. नाव बदललं असेल ते चर्चमध्ये, शाळेत, जमिनीच्या कारकुनाकडे, सैन्यात, हळूहळू आणि बहुधा जॉनच्या स्वतःच्या संमतीने. घरोघरच्या गोष्टींचं असंच असतं. त्या फेकून द्यायच्या नसतात आणि जशाच्या तशा छापायच्याही नसतात. त्यातला तपासता येईल तो भाग वेगळा काढून तपासायचा.

जहाजाच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. ही सगळ्यांची आवडती चूक. त्या काळच्या याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश एवढंच असतं, आणि १७-१८ वर्षांचे योहान म्युलर अनेक निघतील. गाव कळल्याशिवाय त्यातला आपला ओळखता येत नाही. नागरिकत्वाच्या कागदांचंही तेच. १९०६ पूर्वी ते कुठल्याही कोर्टात होत आणि त्यात 'बाडेनच्या ग्रँड ड्यूकशी असलेली निष्ठा सोडतो' यापलीकडे क्वचितच काही असतं. शिवाय १८६२ च्या कायद्याने सन्मानाने सुटलेल्या सैनिकाला आधीच्या प्राथमिक अर्जाशिवाय (नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या कागदाशिवाय), एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व मिळे. म्हणून प्राथमिक अर्ज सापडला नाही तर काही हरवलं असं समजू नका.

गावाचं नाव मिळवायचं तर ओहायोतल्या चर्चच्या नोंदी चाळा. जर्मन ल्युथरन आणि कॅथलिक पाद्री लग्नाच्या किंवा दफनाच्या नोंदीत मूळ गाव लिहीत. मुलांच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण होते तेही पाहा. ते बहुधा भाऊबहिणी किंवा त्याच गावचे असतात, आणि जॉनचं गाव मिळालं नाही तरी त्यांच्यापैकी एखाद्याचं मिळतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर जुनी वृत्तपत्रं मोफत आहेत. १९०४ च्या निधनवार्ता पाहताना जर्मन भाषेतली पत्रंही पाहा. गाव कळलं की पुढचं काम आश्चर्यकारक सोपं होतं. बाडेनच्या १८१० ते १८७० च्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्यांच्या दुसऱ्या प्रती बाडेन-वुर्टेम्बर्गच्या राज्य अभिलेखागाराने संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, शिवाय देश सोडून गेलेल्यांची सूचीही तिथे आहे. अक्षर जुन्या जर्मन वळणाचं असेल, आणि जॉन तिथे योहान, योहानेस किंवा दुसऱ्याच एखाद्या पहिल्या नावामागे लपलेला असेल. ते वाचायला मदत घ्या.

डीएनए चाचणीतून तुम्हाला बहुतेक 'इतके टक्के जर्मन' असा आकडा हवा आहे. तो या वादात उपयोगाचा नाही. व्हर्जिनियातही अठराव्या शतकापासून जर्मन वंशाची वस्ती होती. उपयोग आहे तो जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीचा. चाचणी तुमच्या यजमानांची करू नका, सासूबाईंची करा. त्या एक पिढी वर आहेत आणि प्रत्येक पणजोबाचा साधारण साडेबारा टक्के वाटा त्यांच्यात आहे. जॉनच्या बाकीच्या मुलांची पणतवंडं सासूबाईंची दुसऱ्या पिढीची चुलतभावंडं लागतात आणि इतक्या जवळच्या नात्यात जुळणी जवळपास नेहमीच दिसते. व्हर्जिनियाच्या घराण्याशी किंवा बाडेनहून आलेल्या म्युलरांशी नातं असेल तर ते आणखी एक-दोन पिढ्या मागचं; तिथे जुळणी मिळाली तर ती मोलाची, न मिळाली तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि चाचणीआधी त्यांना साध्या शब्दांत सांगा की यातून कुणाच्या बापाबद्दल अनपेक्षित काही कळू शकतं. नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. चाचणी नसली तरी कागदांवर हे काम होण्यासारखं आहे.

अशीच कामं हातात घेतलेल्या इतर वाचकांसाठी दोन ओळी. पूर्वज गुलामगिरीत होते तर १८७० ही पहिली जनगणना, ज्यात ते सगळे नावानिशी येतात. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग, वर्ण एवढंच असतं. तिथून मागे जाण्यासाठी मुक्त झालेल्या गुलामांसाठीचं सरकारी खातं फ्रीडमेन्स ब्यूरो, त्यांच्याचसाठीची १८६५ ते १८७४ मधली फ्रीडमन्स बँक आणि कृष्णवर्णीय रेजिमेंटच्या पेन्शन फाइली हे रस्ते आहेत. आणि घरात 'आमची पणजी चेरोकी (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात) होती' अशी गोष्ट असेल, तर आधी ती बाई कुठे, कधी जन्मली ते कागदाने काढा, मग डॉज (Dawes) रोल्स आणि गियन मिलर रोल या जमातीच्या सदस्यांच्या जुन्या सरकारी याद्यांसाठीचे अर्ज पाहा. डीएनएच्या टक्क्यांवरून तसा दावा करू नये.

पगारी संशोधक आत्ता नको. इथपर्यंतचं काम तुम्ही घरबसल्या करू शकता. एखाद्या काउंटीचे कागद फक्त कचेरीतच असतील किंवा जर्मन अक्षर अडलं, तर नेमका एकच प्रश्न आणि तासांची मर्यादा लिहून देऊन नेमा: 'या दोन जॉन मिलरांची खरेदीखतं, १८५५ ते १८८०, दहा तास.' 'आमचं घराणं शोधून द्या' असं मोघम काम देऊ नका. त्याआधी ओहायो जिनिऑलॉजिकल सोसायटीच्या तुमच्या काउंटीतल्या शाखेला पत्र लिहा. तिथल्या लोकांना दफनभूमी आणि चर्चची माहिती असते.

आता सासूबाई. तुम्ही त्यांना चुकीचं ठरवणार आहात, हे तुमचं सगळ्यात जड गृहीतक, आणि ते सोडून द्यायला हवं. व्हर्जिनिया त्यांनी शोधून काढलेलं नाही. कुणीतरी छापलं, त्यांनी विश्वास ठेवला. शिवाय त्यांना आठ पणजोबा-पणज्या आहेत. जॉन बाडेनचे निघाले म्हणून स्वातंत्र्ययुद्धाचा वारसा संपतोच असं नाही, तो दुसऱ्या एखाद्या शाखेत असेल. वेळ मिळाला तर तीही बघा. तुम्ही बाहेरच्या आहात हे इथे उपयोगाचंच आहे. अमुकच पूर्वज निघावा असा तुमचा हट्ट नाही, आणि घरच्यांना विचारायला सुचणार नाहीत ते प्रश्न तुम्ही सहज विचाराल. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांची सही दाखवली की माणूस कसा हळवा होतो ते तुम्हाला माहीत असेल. जॉनची १८९८ ची सही सासूबाईंच्या हातात पडेल तेव्हा व्हर्जिनिया हा मुद्दा कितपत राहील, याचा विचार करा.

फक्त वाढदिवसाच्या दिवशी सगळ्यांसमोर ही बातमी उघड करू नका. पुढच्याच महिन्यात त्यांच्याकडे जा आणि आधी विचारा, सांगणं नंतर. घरचं बायबल आहे का? असेल तर कुटुंबाच्या नोंदींआधी त्याच्या छपाईचं वर्ष पाहा. बायबल १८८५ चं असेल आणि १८५० च्या दशकातले जन्म एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेले असतील, तर ते आठवणीतून नंतर लिहिलेत. जुने फोटो काढायला सांगा आणि उलटून बघा. मागे कराचं छोटं तिकीट चिकटवलेलं असेल तर तो फोटो सप्टेंबर १८६४ ते जुलै १८६६ मधला, कारण फोटोंवर कर तेवढ्याच काळात होता. स्टुडिओचं नाव आणि गाव टिपा. प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मग दोन जॉनांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा आणि 'मला हे दोघे वेगळे वाटतात, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारा. त्यांनी लहानपणी ऐकलेलं एखादं नाव त्यातल्या एका बाजूला चपखल बसेल, अशी शक्यता आहे.

पाच महिन्यांत सगळं पुरं होणार नाही, आणि पुस्तकात ते लपवू नका. प्रत्येक माहितीसोबत ती कुठून आली ते लिहा: कागदाचं नाव, वर्ष, काउंटी, पान, कुठे पाहिलं. सिद्ध झालेलं साध्या अक्षरात, 'बहुधा' असेल ते तसं म्हणून, आणि घरच्या गोष्टी वेगळ्या प्रकरणात, सांगणाऱ्याच्या नावासह. मामेसासऱ्यांची गोष्ट त्यांच्याच शब्दांत तिथे घाला आणि खाली तारखांची टीप द्या. व्हर्जिनियाच्या जॉनला एक पान द्या: तो कोण होता, कुठे गेला, आणि २७ ठिकाणी तो का शिरला. पुस्तक झाल्यावर हेच पान, आधारांसह, त्या वंशवृक्षांच्या मालकांना पाठवा. सगळे दुरुस्ती करणार नाहीत, पण जो करेल तो कदाचित व्हर्जिनियाच्या जॉनचा खरा पणतू असेल, आणि आयोवातले कागद त्याच्याकडेच असतील.